चौकट सात

दहाच्या चहाला नफ्ताली मुकाबानानं मंदाझीचा, तळलेल्या गोड पावाचा, पहिला तुकडा मोडला आणि तोंडाशी नेतानेताच त्याचा हात थांबला. समोरच्या फाइलीत, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, खाली उजव्या कोपऱ्यात त्याची स्वतःची सही होती. सही जरा तरुण होती. शेवटच्या अक्षराची शेपटी तेव्हा तो ऐटीत वर ओढायचा. आता ओढत नाही. सकाळपासून तो ज्या माणसाला शोधत होता, ज्याच्यावर मनातल्या मनात दातओठ खात होता, तो माणूस हा निघाला. "बाबा, चहा गार होतोय," चहावाली रोडा म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तुकडा परत बशीत ठेवला. बोटांना तेल होतं म्हणून ती कागदाला लागू दिली नाहीत. तीस वर्षांची सवय. विमान पडलेलं असो, सही आपली निघालेली असो, कागदावर डाग पडता कामा नये.

मागणी तशी साधी होती. दोन महिन्यांपूर्वी उत्तरेकडच्या काटेरी माळावर एक छोटं मालवाहू विमान पडलं होतं. प्रोपेलरचं एक पातं हवेतच तुटलं, त्या हिसक्यानं इंजिन उखडलं, आणि आत एकटी असलेली पायलट गेली. ते प्रोपेलर अकरा आठवडे आधी सरोवरापलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालं होतं. चौकशी आयोगाचा कचेरीला एकच प्रश्न होता: हे वर्कशॉप तुम्ही कशाच्या आधारावर मान्य केलंत? उत्तर शुक्रवारपर्यंत. कचेरीतला सगळ्यात जुना इन्स्पेक्टर नफ्ताली, निवृत्तीला चार महिने, म्हणून फाइल त्याच्याकडे आली. तो कागदामागे कागद काढत गेला. आपली मान्यता म्हणत होती, शेजारच्या देशाच्या मंजुरीवरून. शेजाऱ्यांची मंजुरी म्हणत होती, नैरोबीच्या, म्हणजे आपल्याच कचेरीच्या पत्रावरून, बारा वर्षांपूर्वीची चौदा ऑगस्ट. आणि ते पत्र त्याचं. म्हणजे आम्ही त्यांच्या भरवशावर, ते आमच्या भरवशावर, आणि दर दोन वर्षांनी दोघंही एकमेकांचा कागद बघून आपापला कागद ताजा करत आलेले. वर्कशॉपच्या दारात कुणी पाऊलच टाकलं नव्हतं. दोन देशांमधला करारच तसा होता. एकानं तपासलेलं दुसऱ्यानं तपासलेलंच धरायचं, त्याच भिंती पुन्हापुन्हा बघायला माणसं पाठवायची नाहीत. कल्पना वाईट नव्हती. माणसं कमी, देश गरीब, विमानं म्हातारी. पण पहिल्यांदा कुणीतरी तपासायला हवं, एवढी बारीक गोष्ट दोन देशांच्या शहाण्या माणसांच्या मधल्या फटीतून खाली पडली होती. पत्रातली चौकट सात: प्रत्यक्ष पाहणी कोणी केली. ती त्यानं रिकामी सोडली होती, हे त्याला लख्ख आठवत होतं. फिरून आलेल्या प्रतीत तिथं टाइप केलेलं होतं, 'नैरोबी कचेरी'. पलीकडच्या कुणा कारकुनानं भाबडेपणानं भरलं असेल. पाहिल्याशिवाय नैरोबी पत्र कशाला पाठवेल?

तारीख विसरणं शक्य नव्हतं. तेरा ऑगस्टला त्यानं धाकट्या भावाला गावी पुरलं होतं. त्याच संध्याकाळी वडीलधारा म्हणून तो ज्याला म्झे म्हणायचा त्या जोरामनं त्याला आपल्या जुन्या पेजो गाडीत बसवून शहरात आणलं आणि स्वतःच्या घरी, बुरुबुरूला ठेवून घेतलं. एकटा राहू नकोस म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीचा ड्रायव्हर फाइल घेऊन दारात हजर. उद्या मंत्र्यांची बैठक, कराराखालची पहिली दहा मान्यतापत्रं टेबलावर दिसायला हवीत, नऊ झालीत, हे दहावं. बुटांना गावची लाल माती होती, डोकं सुन्न होतं. सगळ्या चौकटी भरल्या, सातवीशी पेन अडलं. जोराम समोर बसून केळं सोलत होता. "बघून आलास ते वर्कशॉप?" त्यानं विचारलं. "ते लोक बघतील, म्झे. त्यांच्याच देशात आहे," नफ्ताली म्हणाला. "मग लिही तसं." "लिहितो नंतर." आणि सही केली. तेवढ्यात जोरामची मुलगी चहा घेऊन आली, चौदा वर्षांची, गुडघ्याला खपली, आणि कप ठेवायच्या आधी तिनं ते पत्र दोन बोटांनी अलगद बाजूला सरकवलं. काका, ओलं होईल, म्हणाली. चहात साखर ढीगभर होती. दुःखात गोड लागतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

जोराम वांदाब्वा हा त्याचा उस्ताद. नफ्ताली हँगरमध्ये लागला तेव्हा त्याला पाना कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. जोरामनं त्याला पात्याच्या कडेवरून नख फिरवायला शिकवलं. डोळ्यांना न दिसणारी खोक नखाला लागते. आणि काम संपल्यावर कार्ड भरायला शिकवलं. कार्डात एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. जे तपासलं नाही तिथं धडधडीत लिहायचं, तपासलं नाही. लागूच नसेल तर आडवी रेघ मारायची. "लाज वाटली तरी लिही," जोराम म्हणायचा, "तू मोकळं सोडलंस तर दुसरा कुणी त्यात आपल्या सोयीचं भरून ठेवील. मग तू कितीही बोंबल." एकदा नफ्तालीनं एक चौकट सोडली तेव्हा जोरामनं त्याला सगळ्या हँगरसमोर ते कार्ड मोठ्यानं वाचायला लावलं, आणि रिकाम्या जागेशी आल्यावर गप्प उभं राहायला लावलं, पूर्ण एक मिनिट. लोक हसून लोळत होते. पुढं तो कचेरीत गेला, टाय बांधू लागला, आणि हँगरमधले नियम हातातल्या ग्रीससारखे धुतले गेले.

विमानात गेलेली पायलट म्हणजे ती चहा आणणारी मुलगी. कॅप्टन नेलिमा वांदाब्वा, वय सव्वीस. मृत्यूच्या बातमीच्या पानावर तिचा टोपी घातलेला फोटो होता, आणि टोपी तिला जरा मोठीच होत होती.

आयोगाच्या कच्च्या अहवालात लिहिलं होतं: वर्कशॉप दोन्ही देशांनी मान्य केलेलं, तेव्हा दुरुस्तीबद्दल शंका उरत नाही. सबब पात्याची इजा नंतरची, बहुधा धावपट्टीवरच्या दगडाची, म्हणजे पायलटच्या निष्काळजीपणाची. वाचायला किती नीट. कागद निर्दोष म्हणून मेलेली दोषी. गेल्याच रविवारी जोराम चर्चमधून परस्पर त्याच्याकडे आला होता. बसला नाही. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत खडे होते, करड्या रंगाचे, वाटाण्याएवढे, सुपारीएवढे. "तिच्या युनिफॉर्मच्या खिशात सापडायचे," जोराम म्हणाला. "तिची आई धुवायच्या आधी काढून डब्यात टाकायची आणि रागवायची. प्रत्येक उड्डाणाआधी पट्टी पायी चालायची ती, खडे वेचत. मी शिकवलेलं. आणि हे म्हणतात दगड लागला. तू कागदवाला आहेस, नफ्ताली. तूच सांग, कुठनं आला दगड?" नफ्ताली म्हणाला, बघतो, म्झे. तेव्हा त्याला खरंच वाटत होतं की आपण बघू, एखाद्या हलकटाला धरू आणि त्याच्या मानगुटीवर बसू.

आणि आता हलकट सापडला होता. मग लगेच मनानं पळवाटा शोधायला सुरुवात केली, अगदी सराईतपणे, त्याचीच त्याला किळस यावी इतक्या सराईतपणे. भाऊ गेला होता. घाई होती. भरलं त्यांनी. ताजं केलं ते इतरांनी. बारा वर्षांत सहा वेळा सहा जणांनी. त्यानं सहाही नावं मोजली, त्यातली दोन त्याचीच होती.

डायरेक्टर मिसेस गाथोनी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, हुशार, आणि वाईट अजिबात नाही. तिनं फाइल शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला, नाकाचं हाड चोळलं. "तुम्ही हे आणखी कुणाला दाखवलंत?"

"नाही, मॅडम."

"त्रेसष्ट वर्कशॉपं आहेत या कराराखाली. अशीच गोल फिरलेली किती असतील, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. आणि शुक्रवारपर्यंत मला माहीत करूनही घ्यायचं नाही. एकाची गाठ सुटली की सगळी विमानं जमिनीवर. उत्तरेत औषधं कोण नेणार? तुम्ही डोक्यावरून नेणार? पुढच्या महिन्यात अकरा देश या करारावर सह्या करायला येतायत." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि चौकशी झालीच ना, म्झे, तर ज्याची सही पहिली, त्याची मान पहिली. पेन्शन, घर, सगळं अडकेल. मला ते बघवणार नाही." हे ती मनापासून म्हणाली, त्यामुळं जास्त बोचलं. तिनं ड्रॉवरमधून पाहणीचा कोरा फॉर्म काढला. "तुम्ही जा. आजवर कुणी गेलं नाही ना? तुम्ही जा, डोळ्यांनी बघा, फॉर्म भरून आणा. आयोगाला पाहणीचा कागद हवाय, मिळेल."

"तारीख?"

"तारखेचं बघू आपण."

बुधवारी सकाळच्या बसनं तो निघाला. खिडकीतून चहाचे मळे गेले, मग ऊस, मग त्याच्या गावाकडं वळणारा फाटा. तिथं त्यानं डोळे मिटून घेतले. बुसियाच्या सीमेवर शिपायानं पासपोर्ट चाळला, फोटोकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, बोट लावून शिक्का तपासला. कुणीतरी अजून बघतं, असं नफ्तालीच्या मनात आलं. एका मरतुकड्या पासपोर्टला जेवढं बघतात तेवढंही त्या प्रोपेलरच्या वाट्याला आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी वर्कशॉपच्या फाटकाशी तो पोचला तेव्हा त्याला खरंतर उकिरडा बघायचा होता. गंजलेली यंत्रं, झिंगलेली माणसं, कोंबड्या. म्हणजे निदान राग काढायला जागा झाली असती. पण पत्र्याची शेड झाडूनपुसून लख्ख होती, हत्यारं खिळ्यांवर टांगलेली, प्रत्येकाच्या मागं भिंतीवर त्याच्या आकाराची पांढरी रेघ. फोरमन साठीचा, काटक, हात तेलानं काळे पण नखं कापलेली. सगळे त्याला सालोंगो म्हणत, जुळ्यांचा बाप म्हणून. नफ्तालीनं आपण कोण ते सांगितल्यावर सालोंगो दोन क्षण नुसता बघत राहिला आणि मग आत ओरडला, "अरे, आले! साहेब आले!" जणू नफ्ताली कालच यायचा होता. त्यानं कपाटाआडून एक खुर्ची ओढून काढली, चांगली गादीची, वर प्लास्टिक तसंच. फडक्यानं पुसली. "तुमच्यासाठी घेतलेली. मंजुरी आली त्या वर्षी. म्हटलं, इन्स्पेक्टर येतील, त्यांना काय स्टुलावर बसवायचं? दर वर्षी मंजुरीच्या महिन्यात भिंती रंगवतो. बायको शेंगदाण्याचं कालवण करून पाठवायची, मातोकेबरोबर, उकडलेल्या कच्च्या केळ्यांबरोबर. पहिली तीन वर्षं पाठवलं. मग म्हणाली, तुझे इन्स्पेक्टर काही जेवत नाहीत."

"कुणीच आलं नाही?"

"इथले म्हणायचे, नैरोबीवाले बघून गेलेत. मी म्हणायचो, मी इथंच असतो सकाळ-संध्याकाळ, मला कसे दिसले नाहीत? म्हणाले, सालोंगो, कागदावर आहे, तुला काय करायचंय?" तो हसला. मग नफ्तालीला हाताला धरून त्यानं कोपऱ्यात नेलं. कापडाखाली भेगा शोधायचं यंत्र होतं, धातूच्या पोटातली केसाएवढी चीर दाखवणारं. "पाच वर्षं बंद आहे. भाग मिळत नाही. मी चार पत्रं लिहिली, दोन आमच्या कचेरीला, दोन तुमच्या. काम थांबवू का, विचारलं. उत्तर नाही. मंजुरी मात्र वेळेवर ताजी होऊन आली. मग मला वाटलं, तुम्ही मोठी माणसं, बघूनच पाठवली असेल. म्हणजे चालतंय." यंत्राऐवजी तो काय करायचा तेही त्यानं दाखवलं: पात्याला रॉकेल पाजायचं, पुसायचं, वर खडूची पूड; चीर असली तर रॉकेल पाझरून पूड ओली होते. जुनी युक्ती. जोरामही करायचा. "बहुतेक सगळं सापडतं यात," सालोंगो म्हणाला.

"बहुतेक."

सालोंगोनं खडूची बोटं पँटला पुसली. "साहेब, ते पडलेलं विमान. पातं आमचंच ना? मुळाशी एक रेघ दिसली होती मला. पूड ओली झाली असं वाटलं, मग वाटलं घामाचा थेंब. यंत्र असतं तर कळलं असतं. मी खूप वेळ हातात धरून बसलो होतो ते. मग घासून दिलं." त्याचे डोळे भरले. "पोरगी होती म्हणे."

नफ्तालीला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली आणि गुरासारखं बडवावंसंही वाटलं. सगळं हाती आलं होतं: रेघ, बंद यंत्र, चार पत्रं. नेलिमाच्या खिशातले खडे खरे होते. फक्त बोलायचं होतं. तो खुर्चीवर बसला, प्लास्टिक करकरलं, त्यानं फॉर्म काढला. वर्कशॉप अस्तित्वात आहे: होय. माणसं: होय. पाहणी कोणी केली: एन. मुकाबाना. पाहणीची तारीख. इथंही ती चौकट सातवीच होती. पत्राहून कागद वेगळा, पण हा फॉर्मही बारा वर्षांत बदलला नव्हता. आजची तारीख लिहायला चार सेकंद लागली असती. आजची तारीख लिहिली की तीच साक्ष होती, याआधी कुणी आलं नव्हतं. पेन कागदाला टेकलं. त्याला घर दिसलं, घरावरचं कर्ज नव्हे, नुसतं घर, अंगणातला पेरू, बायकोचं संध्याकाळी दारात उभं राहणं. त्रेसष्ट वर्कशॉपं दिसली, उन्हात उभी विमानं दिसली, औषधांची खोकी दिसली. खोकी खरी होती, पण या घटकेला ती पेरूच्या झाडामागून डोकावत होती, हे त्याचं त्यालाही कळत होतं. मी खोटं लिहिणार नाही, त्यानं स्वतःला बजावलं. आणि खरंच लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. यंत्राचं आणि रेघेचं सगळं त्यानं वेगळ्या कागदावर सविस्तर लिहिलं, सही केली, टाचणीनं जोडलं, आणि आपण आपलं काम केलं असं त्याला चक्क वाटलं.

निघताना सालोंगोनं एक जाडजूड वही पुढं केली. पाहुण्यांची नोंद. पहिलं पान कोरं, कडेनं पिवळं पडलेलं. "क्रमांक एक तुम्ही, साहेब."

"बस चुकेल. पुढच्या वेळी," नफ्ताली म्हणाला. फाटकातून त्यानं मागं वळून पाहिलं तेव्हा सालोंगो खुर्चीवरचं प्लास्टिक सारखं करत होता.

शुक्रवारी मिसेस गाथोनीनं टाचणी काढली. "आयोगानं पाहणी झाली का एवढंच विचारलंय. यंत्राचं विचारलेलं नाही. हा कागद आपण आपल्याकडं ठेवू, वर्कशॉपला सुधारणा कळवू, खरंच कळवू." फॉर्म तिनं दोनदा वाचला, सातव्या चौकटीपाशी थांबली, त्याच्याकडं पाहिलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही थकलात, म्झे. घरी जा," ती म्हणाली, आणि तो घरी गेला.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, जोराम आला. या वेळी बसला. नफ्तालीच्या बायकोनं चहा आणला, त्यानं घेतला. अंगणात पेरूखाली दोघंच उरल्यावर त्यानं पिशवीतून अहवाल काढला, छापील, बांधलेला, आणि मधलं एक पान उघडून नफ्तालीच्या मांडीवर ठेवलं. चष्मा नव्हता तरी नफ्तालीला काय असेल ते दिसलं. फॉर्मची प्रत होती. पाहणी कोणी केली: एन. मुकाबाना. पाहणीची तारीख: चौदा ऑगस्ट, बारा वर्षांपूर्वीची. खाली निष्कर्ष: वर्कशॉपची रीतसर पाहणी झालेली असल्यानं दोष पायलटकडं.

जोराम रागावला नाही. त्यानं उजव्या हाताचं नख त्या तारखेवरून हळू फिरवलं, जसं पात्याच्या कडेवरून फिरवायचं.

"त्या दिवशी तू माझ्या घरी होतास," तो म्हणाला.

नफ्तालीनं मांडीवरचा अहवाल उगाच सरळ केला.

"तुझा भाऊ गेला होता. मी केळं सोलत होतो. नेलिमानं तुला चहा दिला. पत्र ओलं होईल म्हणून बाजूला सारलं तिनं. तेच पत्र ना?"

"तेच."

"ही तारीख तू लिहिलीस?"

"नाही, म्झे. देवाशपथ नाही. मी ती जागा..." जोराम वाट बघत होता, हँगरमध्ये बघायचा तशी, पूर्ण एक मिनिट. कुणी हसत नव्हतं.

"तपासलं नसेल तर काय लिहायचं, शिकवलं होतं मी," जोराम शेवटी म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोपण काढून नफ्तालीच्या हातात दिलं. "लिही आता."

नफ्तालीनं पेन घेतलं. पान डोळ्यांजवळ धरलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं. बारा चौकटी होत्या, काळ्या शाईत छापलेल्या, कडेपर्यंत भरलेल्या. त्यानं एकेक करून सगळ्या तपासल्या. लिहायला कुठंही जागा उरली नव्हती.